चौदा कंपन्यांचं देणं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीवर बोल, लोकांना उपयोग होईल," असं समितीनं मला सांगितलं. उपयोगाचं थोडं सांगते. पण मला आज मुख्यतः आभार मानायचे आहेत.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि मुलांचं शिक्षण भागवून जे उरतं, त्यातला एक भाग २०१४पासून मी नव्या कंपन्यांमध्ये घालत आले. अशा गुंतवणूकदाराला 'एंजल' म्हणतात. हा शब्द न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून आला. तिथं नाटकाला पैसा पुरवणाऱ्याला एंजल म्हणत. नाटक चाललं तर चाललं, नाहीतर पडदा पडला की पैसेही गेले. आमचंही तसंच असतं.

हिशेब उघडच सांगते. अकरा वर्षांत चौदा कंपन्या, प्रत्येकीत साधारण सारखीच रक्कम. सात बंद पडल्या. चार चालू आहेत, पण त्यांचे समभाग शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे सहज विकता येत नाहीत. दोन कंपन्यांतून मुद्दल परत आलं. एका कंपनीनं सव्वीस पट दिले. म्हणजे सगळी बेरीज केली तर घातलेल्या पैशाचे साधारण दुप्पट झाले. बँकेत मुदत ठेव ठेवली असती तरी फारसा फरक पडला नसता! आणि ती एक कंपनी माझ्या यादीत नसती, तर आज हिशेब सांगायला मी इतक्या उत्साहानं उभी राहिले नसते.

म्हणून ज्यांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, "निवृत्तीचे पैसे यात घालू का?", त्यांना माझं स्पष्ट उत्तर आहे: नाही. बुडाले तरी रात्री झोप लागेल, एवढेच पैसे घाला. तेही एकाच कंपनीत नको, आणि आठ-दहा वर्षं लागणार नाहीत असेच.

मग आभार कशाचे? सर्वांत आधी, बंद पडलेल्या कंपन्यांचे.

त्यांतली एक कंपनी गावपातळीवर दूध थंड करायचं छोटं यंत्र बनवायची. धार काढल्यावर दूध लवकर थंड झालं नाही तर उन्हाळ्यात ते संकलन केंद्रावर पोचेपर्यंत नासतं, आणि शेतकऱ्याची सकाळची सगळी मेहनत वाया जाते. वीज गेली तरी दूध गार ठेवणारं यंत्र त्या मुलीनं बनवलं होतं. मी तिचं सॉफ्टवेअर तपासून द्यायचे. २०२०च्या टाळेबंदीत मागण्या थांबल्या. तिनं आम्हा सगळ्या भागधारकांना एकत्र बसवलं आणि खात्यातली शिल्लक दाखवली. आधी नऊ कामगारांचा थकलेला पगार, मग कच्चा माल देणाऱ्यांची बिलं, आणि उरलं ते आम्हाला. स्वतःचा पाच महिन्यांचा पगार तिनं सोडून दिला. कायद्यातही भागधारकाचा नंबर शेवटीच असतो. पण कुणाची नोटीस यायची वाट न पाहता तिनं हे केलं. मला रुपयाला अठरा पैसे परत मिळाले. दोन वर्षांनी तिनं दुसरी कंपनी काढली, तेव्हा पहिला धनादेश माझा होता.

नफा देणाऱ्या कंपनीनं मला पैसे दिले. माणूस कसा पारखावा, हे मात्र मी या मुलीकडून शिकले.

दुसरे आभार आपल्या आधीच्या लोकांचे. हे आपल्याकडे काही नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना आपल्या संस्थानातलं माळरान दिलं आणि पैशाचीही मदत केली. १९१०मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा एंजल हा शब्द कुणी ऐकलाही नसेल. आपल्या आयांच्या भिशीतूनही कुणाचं शिलाई मशीन आलं, कुणाची पिठाची गिरणी. त्या बायका ओळखीवर पैसे द्यायच्या. मीही शेवटी तेच करते, फक्त सोबत करारनामा असतो.

तिसरे आभार समोर बसलेल्या आपल्या गणिताच्या बाईंचे. "उत्तर आलं म्हणून थांबू नका, ताळा करा," असं त्या म्हणायच्या. बाई, नव्या कंपन्यांच्या सादरीकरणात पाच वर्षांनंतरच्या विक्रीचे मोठे आकडे असतात. ते पाहताना मी अजून ताळा करते.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं आता छोटे उद्योग काढताहेत. त्यांना पैसे द्याच असं मी म्हणत नाही. त्यांचे पहिले गिऱ्हाईक व्हा. बिल वेळेवर चुकतं करा. माल आवडला नाही तर का, ते तोंडावर सांगा. नव्या उद्योजकाला पहिल्या धनादेशापेक्षा पहिली ऑर्डर मिळवणं जास्त अवघड जातं, हे मी चौदा वेळा पाहिलं आहे.