दीड मिनिटाचा खेळ आणि दोनशे वर्षांची तालीम

लोणी देवकरहून बोलतोय. मागं ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या, सोलापूर हायवे जवळच आहे.

परवा मोबाईलवर रशियाच्या अलिया मुस्तफिनाचा व्हिडिओ बघत होतो. जिम्नॅस्टिक्सची मोठी खेळाडू. अनइव्हन बार्सवर २०१२ ला लंडनमध्ये सुवर्ण, २०१६ ला रिओमध्ये पुन्हा सुवर्ण. मी थक्क होऊन बघतोय, आणि त्याच्याच खाली दुसरा व्हिडिओ आला. एक मुलगी टांगलेल्या दोरीवर. बार निदान जागेवर तरी असतो हो, ही दोरी हलतीय! आणि दोरीला गाठ मारायची नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, त्यात दोरी पकडायची आणि चढायचं. वर गेल्यावर दोरीचेच वेढे अंगाभोवती घेऊन आसन करायचं. वेढा चुकला की थेट खाली. सगळा संच साधारण दीड मिनिटाचा.

हा आपला मल्लखांब. आणि आज बोलायचंय हिमानी परबबद्दल.

हिमानी मुंबईची. दादरला शिवाजी पार्कात श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथं ती घडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. १५ देशांचे खेळाडू आले होते. हिमानीनं तिथं सुवर्ण मिळवलं. पुढं २०२१ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. मल्लखांबाला मिळालेला हा पहिला अर्जुन!

आता जरा थांबा. पहिला अर्जुन २०२१ चा, पण खेळ किती जुना? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी तो नव्यानं उभा केला. म्हणजे दोनशे वर्षं झाली. पैलवानाला जोडीदार नसेल तर त्यानं लाकडी खांबाशी झुंजायचं, असा त्याचा उपयोग. शिसवी नाहीतर सागवानी खांब, वर बोंड, खाली मान, त्याला एरंडेल चोळायचं. दसरंग, फरारा, ताजवा ही नावं ऐकली तरी लाल मातीचा वास येतो. आपल्या इंदापूर-बारामतीकडं तालीम म्हटलं की कुस्तीच आठवते, पण मल्लखांब हा तिचा सख्खा भाऊच.

मग इतकी वर्षं हा खेळ टिकवला कुणी? इथं हिमानीच्या मागं उभा असलेला माणूस येतो, उदय देशपांडे सर. कस्टम्समध्ये नोकरी करत मैदानावर आयुष्य घातलेला माणूस. ५० देशांतल्या ५,००० हून अधिक लोकांना त्यांनी तयार केलं. त्यात दिव्यांग आहेत, अनाथ मुलं आहेत, आदिवासी आहेत, आजी-आजोबासुद्धा आहेत. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी खेळाचे आणि परीक्षणाचे नियम लिहून काढले. आमच्या आयटीत ‘लेगसी’ म्हणजे जुना कोड. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो, कागदावर काहीच नसतं, आणि रात्री दोन वाजता तो बंद पडतो. खेळाचंही तसंच होतं बघा. उस्ताद गेला की विद्या गेली. नियम लिहिले म्हणून परदेशातल्या मुलाला आणि दादरच्या मुलीला एकाच मापानं गुण देता येतात. नियमच नसते तर जागतिक स्पर्धा कुठली, आणि हिमानीचं सुवर्ण तरी कुठलं?

मुस्तफिनाला ऑलिंपिक होतं. हिमानीच्या खेळाला अजूनही नाही. जगात पहिलं आल्यावर पुढं काय, याचं उत्तर या खेळाकडं नाही. २०२२ ला तो नॅशनल गेम्समध्ये आला, पण तेवढ्यावर घर चालत नाही. आणि खेळ महाराष्ट्रात वाढला, तरी २०१३ मध्ये त्याला राज्य खेळ केलं ते मध्य प्रदेशनं! जरा टोचतं की नाही?

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावच्या शाळेत किंवा तालमीत जाऊन बघा, कोपऱ्यात एखादा मल्लखांब पडलाय का. असेल तर तो परत उभा करायला किती खर्च येईल, आणि शिकवायला कोण तयार आहे, एवढं विचारून या. आणि मला व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागात ऐकवतो.

चला, भेटूया!