नाण्याचे दात



माळेगावच्या यात्रेत लालकंधारी खोंड किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी गोऱ्हा घेणारा आपल्या नांदेड-लातूरकडचा शेतकरी जनावराच्या साळलेल्या, तेल लावून चकाकविलेल्या शिंगांवर भाळत नाही. तो जबडा उघडून दात मोजतो, दुदाती की चौदाती याची खातरजमा करतो, चार पावले चालवून खूर न्याहाळतो, आणि मगच उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवितो. हाच दक्ष मनुष्य रात्री मोबाइलवर चाललेल्या लिलावात ‘दुर्मीळ शिवराई’, ‘निजामाचा चारमिनार रुपया’ असले शब्द वाचून, केवळ दोन छायाचित्रांच्या भरवशावर, हजारोंची बोली लावून मोकळा होतो, याचे मला नवल वाटते आणि, खरे सांगावयाचे तर, थोडा रागही येतो.

नाण्याला दोन बाजू असतात असे आपण सर्रास म्हणतो. परंतु त्याला तिसरीही बाजू असते, ती म्हणजे कड, आणि विकणारा नेमकी तीच दाखवीत नाही. टांकसाळीत यंत्राने पाडलेल्या रुपयाच्या कडेला बारीक, सारख्या अंतराचे दाते असतात. हेच नाण्याचे दात! साच्यात धातू ओतून केलेल्या नकलेत ते बोथट उतरतात, साच्याचे दोन अर्धे जुळल्याची रेघ कित्येकदा कडेभोवती फिरलेली असते, आणि ती कानशीने घासून काढली असेल तर घासल्याच्या खुणा मागे राहतात. दर्शनी भागावर रसायनाने आणलेला काळसर जुनेपणा हा शिंगांना लावलेल्या तेलासारखाच समजावा.

शिवराईची, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याची, गोष्ट निराळी. ती हातोड्याच्या घावाने ठशांमध्ये पाडलेली, म्हणून तिच्या कडेला दाते नाहीत, आणि कोणत्याही दोन शिवराया तंतोतंत सारख्या नसतात. एकीत ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ कडेबाहेर गेलेला, तर दुसरीत ‘छत्र पति’ तिरके पडलेले. तेव्हा तीन निरनिराळ्या विक्रेत्यांकडे एकाच जागी, एकाच लांबीची चीर असलेली शिवराई दिसली, तर ती एकाच साच्यातली भावंडे होत. एका बैलाच्या पाठीवर वण असणे साहजिक आहे. तीन बैलांच्या पाठीवर तोच वण कसा येईल? सोन्याच्या शिवकालीन होनाविषयी तर बोलावयासच नको, कारण अस्सल म्हणून मान्य झालेले होन इतके मोजके आहेत की ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ ही सबब ऐकताच हात आखडावा.

आता आपल्या निजामाच्या हाली सिक्क्याकडे वळू. चारमिनार छापाच्या रुपयावर मिनारांमधल्या कमानीत एक अक्षर असते: महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खानांच्या नाण्यावर ‘ऐन’. उस्मान अली हिजरी १३२९ साली, म्हणजे १९११ मध्ये, गादीवर आले. त्यामुळे ‘ऐन’ आणि १३२९ च्या आधीचे हिजरी साल एका नाण्यावर नांदत असतील, तर नक्कल करणाऱ्याला फारसी वाचता येत नव्हते एवढे निश्चित. हालीचे वजन सुमारे ११.२ ग्रॅम, इंग्रजी कलदार रुपयाचे एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. मी स्वतः एकदा वजन न विचारता एक ‘हाली’ मागविला. सराफाच्या काट्यावर तो नऊ ग्रॅमही भरला नाही, आणि सराफ काही न बोलता नुसता हसला. म्हणून म्हणतो, वजन विचारा, आणि कड पाहा.

कडेची महती इंग्रज सरकारलाही ठाऊक होती. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली, तेव्हा नकला रोखण्यासाठी कडेची घडणच बदलण्यात आली. १९३९ चा रुपया मात्र जुन्या दातेरी कडेचा, पूर्वीच्याच कसाचा आणि अतिशय दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला उदंड. आणि ज्यांच्यावर कंपनी सरकारचे नाव, रामपंचायतन आणि १६१६ किंवा १८१८ साल एकत्र असते, ती तर नाणीच नव्हेत. १६१६ साली कंपनीची सुरतेस नुकती कोठे वखार उभी राहिली होती!

स्टुडिओच्या काचेपलीकडून निवेदक खूण करीत आहेत. बोली फुगविणाऱ्या बनावट गिऱ्हाइकांविषयी, त्याचप्रमाणे जुनी नाणी लाखोंना घेतो म्हणून आधी शुल्क उकळणाऱ्यांविषयी, ज्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला, बोलावयाचे होते, ते राहिले. कडेचे मात्र पुन्हा सांगतो, कारण कोणी रेडिओ आताच लावला असेल: कडेचे छायाचित्र मागा. मागील महिन्यात मी एका विक्रेत्याकडे ते मागितले. आठ दिवसांनी त्याने पुन्हा चारमिनारच पाठविला, या खेपेस जरा मोठा करून.