गर्दुल्ल्याचा श्वास
(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, चार वाक्यं तेवढी सरळ केलीत.)



मला कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहेत, त्या खिशातच राहू द्या. आज मी हा काळा पाऊच आणलाय. मागच्यांना दिसतोय का? चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा. चेन उघडली की आत तीन काचेच्या बारक्या कुप्या, सिरिंजा, रबरी हातमोजे आणि तोंडावर पसरायचा एक पातळ प्लास्टिकचा पडदा. हा पाऊच कॅनडातून आला. पिवळ्या वाटाण्याबरोबर आला म्हटलं तरी चालेल.

आपण गोदीतली माणसं. कुठल्या देशाचं धान्य कुठल्या देशाच्या पोटात जातं ते आपल्या पाठीला आधी कळतं. मागच्या पावसाळ्यात वाटाण्याचं जहाज लागलं होतं, व्हँकुव्हरचं. ग्रॅब खाली येतोय, धूळ नाकात, पोती शिवतोय, थप्पी लावतोय. जहाजावर दाभोळकडचा एक खलाशी होता. जेवणाच्या सुट्टीत बिडी मागायला आला आणि गप्पा निघाल्या. तो सांगत होता की व्हँकुव्हरच्या बंदराबाहेर एक रस्ता आहे, ईस्ट हेस्टिंग्स. तिथं भर दुपारी एक पोरगा त्याच्यासमोर फुटपाथवर कोसळला. ओठ निळे पडलेले. हा घाबरून पळणार, तेवढ्यात समोरून एक म्हातारी आली. तोंडात दात नाहीत, अंगावर लक्तरं, स्वतः नशा करणारी. तिनं असाच पाऊच काढला, पोराच्या मांडीत सुई टोचली, त्याची मान मागं केली आणि त्याच्या तोंडात श्वास फुंकत राहिली. चारपाच मिनिटांनी पोरगा उठून बसला, आणि तिलाच शिव्या द्यायला लागला! खलाशी म्हणाला, "म्हातारी हसली रे नुसती." हा पाऊच तिकडं फुकट मिळतो. २०१२ पासून त्या प्रांतात तो वाटतात. जाताना त्यानं तो मला दिला. म्हणाला, तू लिहितोस ना, ठेव.

आता माझी गोष्ट ऐका. ही मी कुठल्याच कवितेत लिहिलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी आपण 'नशामुक्त वस्ती' काढली होती. आठवतंय ना? तुमच्यातले निम्मे होते. निळे झेंडे, हातात काठ्या. स्टेशनच्या पुलाखाली जेवढे गर्दुल्ले सापडले तेवढे आपण हाणले. मी पुढं होतो. एक पोरगा हललाच नाही. भिंतीला टेकून घोरत होता. खरखर, खरखर, मधेच थांबायचा, पुन्हा खरखर. मी म्हणालो, "बघा साला कसा मजेत घोरतोय!" आणि पायानं ढकलला. आपण सगळे हसलो. मी पण हसलो. सकाळी महापालिकेची गाडी त्याला घेऊन गेली.

खलाशानं सांगितलं तेव्हा कळलं, ती झोप नव्हती. अफूच्या जातीची नशा जास्त झाली की मेंदू श्वास घ्यायचं विसरतो. ती घरघर म्हणजे बंद पडणारा श्वास. मी एका मरणाऱ्या माणसासमोर उभा राहून हसलो होतो. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

म्हणून आज फेंटॅनिलवर बोलतोय. आपल्या पुलाखाली गर्द आहे, म्हणजे हेरॉइन, शिवाय बटण आहे, एमडी आहे. फेंटॅनिलचा कहर अमेरिकेत आणि कॅनडात आहे. पण तिथल्या रस्त्यावरच्या माणसांनी जे केलं ते आपल्याला माहीत पाहिजे.

फेंटॅनिल हे मुळात ऑपरेशनच्या टेबलावरचं औषध. बेल्जियमच्या पॉल यान्सेननं ते १९६० च्या आसपास बनवलं. आजही आपल्याकडं मोठ्या इस्पितळात भुलीच्या वेळी ते देतात, मापून देतात, शेजारी डॉक्टर उभा असतो. मॉर्फिनपेक्षा शंभरपट, हेरॉइनपेक्षा पन्नासपट जालीम. दोन मिलिग्रॅम पोटात किंवा रक्तात गेलं तर माणूस मरू शकतो. दोन मिलिग्रॅम म्हणजे ओल्या बोटाला चिकटलेलं मीठ. आणि हेच कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी बादलीत ढवळून गोळ्यांत भरतात. एका गोळीत काहीच नाही, दुसरीत मरण. घेणाऱ्याला वाटतं आपण हेरॉइन घेतोय किंवा दुखण्याची गोळी घेतोय.

तुम्ही म्हणाल, विकणाऱ्याला गिऱ्हाईक मारून काय मिळतं? दोस्तांनो, मालवणी आठवा. जून २०१५. मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं विषारी दारूनं गेली. दारूत मिथेनॉल होतं. गुत्तेवाल्याला माणसं मारायची नव्हती, त्याला स्वस्तात कडक माल पाहिजे होता. इथंही तेच गणित. जितकी पोलिसांची नजर कडक तितका माल बारीक आणि जहाल होत जातो. हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. बंदरातून दिवसाला हजारो डबे हलतात. प्रत्येक डबा उघडायचा म्हटलं तर बंदर बंद पडेल. हेरॉइनची पोती लपवणं अवघड, पण फेंटॅनिल जोड्याच्या खोक्यात मावतं. मग अडवणार कोण आणि कसं?

आणि ह्याची सुरुवात कुठल्या गल्लीत झाली नाही. ती सुटाबुटातल्या दुकानात झाली. १९९६ साली अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन नावाची दुखण्याची गोळी बाजारात आली. कंपनीनं डॉक्टरांना सांगितलं, हिची सवय फारशी लागत नाही. २००७ साली त्याच कंपनीनं कोर्टात कबूल केलं की लोकांना चुकीचं सांगितलं गेलं. तोवर खेडीच्या खेडी गोळीला चिकटली होती. पुढं गोळ्या मिळेनात, लोक हेरॉइनकडे गेले, आणि २०१३ नंतर हेरॉइनची जागा फेंटॅनिलनं घेतली. गोळी कोण खात होतं? ज्याची कंबर मोडली तो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्यानं २०१८ ला हिशेब मांडला. बांधकाम मजूर नशेच्या अतिमात्रेनं सरासरी कामगारापेक्षा सहापट जास्त मेले होते. हे वाचलं तेव्हा माझा हात आपोआप कमरेवर गेला. आपल्याकडं मुकादम काय करतो? "दुखतंय? घे ही गोळी, पाळी संपव." पट्टी त्याच्या खिशातच असते. कुठली गोळी, कशाची, कुणी विचारलंय?

आणि आपलं बंदर धुतल्या तांदळाचं नाही. ह्याच मुंबईतून माळव्याची अफू जहाजं भरभरून चीनला गेली. ज्या शेटलोकांचे पुतळे उभे आहेत त्यांच्यातल्या कित्येकांच्या तिजोऱ्या अफूनं भरल्या. जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीतही अफूचा मोठा वाटा होता. ते उमराव झाले, 'सर' झाले. पुलाखालचा मात्र गर्दुल्ला. आणि जुनंच कशाला बोलू? फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी फुटली की मुंबईतल्या एका कंपनीच्या गोळ्या, टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या, घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जातायत. बोभाटा झाल्यावर सरकारनं निर्यात थांबवली. तोवर ती खोकी कुणाच्या तरी हातांनी चढवली गेलीच होती ना?

आता व्हँकुव्हर. डाउनटाउन ईस्टसाइड ही बंदरालगतची वस्ती. लाकूडतोडे, गोदीवाले, हंगामी मजूर ह्यांच्या एकेका खोलीच्या हॉटेलांची. काम आटलं, माणसं तिथंच राहिली. मूळनिवासी लोकही तिथं फार, जमिनी गेल्यावर शहराच्या तळाला येऊन पडलेले. १९९७ साली तिथल्या ऑपनहायमर पार्कात लोकांनी हजार क्रूस रोवले, नशेनं मेलेल्यांसाठी. त्यांच्यात बड ऑस्बोर्न नावाचा एक माणूस होता. कवी. स्वतः हेरॉइन घेतलेला, त्याच खोल्यांत राहिलेला. त्यानं आणि ॲन लिव्हिंगस्टन नावाच्या बाईनं नशा करणाऱ्यांचीच सभा बोलावली. तिच्यातून संघटना झाली, नाव व्हँडू. तिची घडण ऐका : सभासद नशा करणारे, समितीवर नशा करणारे, ठराव मांडणारे तेच. रात्री गल्ल्यांत गस्त घालणारे तेच. आपण गस्त घातली काठी घेऊन, त्यांनी घातली स्वच्छ सुया आणि पाणी घेऊन. ह्यांच्या रेट्यामुळं २००३ साली इनसाइट नावाचं केंद्र उघडलं. आपला माल आपण आणायचा, नर्सच्या नजरेखाली घ्यायचा, पडलात तर ती उठवणार. पुढं केंद्र सरकार ते बंद करायला निघालं, तर २०११ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्यानं सांगितलं, बंद करता येणार नाही. कवी २०१४ ला वारला. आम्ही कवी लोक पुरस्कारासाठी जोडे झिजवतो, म्हणून हा माणूस मुद्दाम सांगितला.

मग फेंटॅनिल आलं. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं आरोग्य आणीबाणी जाहीर केली. जाहीर केली, बस्स. मढी वाढतच होती. सप्टेंबरात सारा ब्लाइथ, ॲन लिव्हिंगस्टन आणि बाजारात पथारी लावणाऱ्या लोकांनी गल्लीत एक तंबू ठोकला. परवानगी नाही, कागद नाही. टेबल, खुर्च्या आणि हे असे पाऊच. कुणी पडला की उठवायचा. कायद्यानं गुन्हाच होता तो. तीन महिने बेकायदा चालवला, तेव्हा डिसेंबरात मंत्र्यानं हुकूम काढला की असे तंबू चालू द्या. आधी माणूस उठला, मग कायदा उठला. २०१७ च्या मे महिन्यात देशभर कायदा झाला की मदतीला फोन करणाऱ्याला जवळच्या थोड्या मालासाठी पकडायचं नाही. कारण लोक मित्राला मरू देत होते, पोलिसांच्या भीतीनं. आपल्याकडं दुसरं काय आहे?

सगळं गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. २०२३ साली त्या एका प्रांतात अडीच हजारांवर माणसं मेली. २०२२ च्या ऑगस्टात तिथल्याच काही जणांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. बाहेरून हेरॉइन विकत घ्यायचं, यंत्रावर तपासायचं, आत काय आणि किती ते पाकिटावर छापायचं आणि सभासदांना खरेदीच्याच भावात द्यायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना अटक झाली. हे बरोबर की चूक? मला स्वतःला ते अजून पचलेलं नाही. पण मालवणीच्या गुत्त्यावर 'आत मिथेनॉल आहे' अशी चिठ्ठी असती तर किती घरं वाचली असती, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

अमेरिकेतही तेच. नॅलॉक्सोन हे ह्या कुपीतलं औषध. १९७१ पासून तिथं मान्य, पण इस्पितळाच्या कपाटात. डॅन बिग नावाच्या माणसानं आणि त्याच्या शिकागोतल्या मंडळींनी १९९६ पासून ते थेट नशा करणाऱ्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. सरकारनं दुकानात चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली मार्च २०२३ मध्ये. म्हणजे सत्तावीस वर्षं रस्ता पुढं आणि सरकार मागं. अमेरिकेत २०२३ साली सगळ्या नशा धरून सुमारे १ लाख ५ हजार माणसं अतिमात्रेनं मेली, २०२४ ला आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. उतरण्याची कारणं बरीच सांगतात, त्यात हा पाऊच एक. पण मरणाचा दर सगळ्यात जास्त मूळनिवासींचा, आणि २०२० पासून काळ्यांचा दर गोऱ्यांच्या पुढं गेला.

ज्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या थोरल्यांनी घेतलं, त्या काळ्या पँथरनंही हे केलंय. नोव्हेंबर १९७०, न्यूयॉर्कचं साउथ ब्राँक्स. यंग लॉर्ड्स ही पोर्तोरिकन पोरं, ब्लॅक पँथर आणि गर्दुल्ले मिळून लिंकन हॉस्पिटलच्या इमारतीत घुसले आणि तिथंच नशामुक्ती केंद्र सुरू केलं. नशा सोडवायची, सुया टोचून चिनी उपचार करायचे, आणि ही नशा आपल्याच वस्तीत का येते त्याचे वर्ग घ्यायचे. १९७८ साली पोलीस घालून ते रिकामं केलं. आपण पँथरचा बिल्ला घेतला, हे पान फाडून टाकलं.

मला माहीत आहे, मागं बसलेले काका काय विचारणार. पाचवं शील कुठं गेलं? काका, ते मी रोज म्हणतो. मी दारूला शिवत नाही. पण शील मी घेतलंय, माझ्यासाठी. ते दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी म्हणून मला दिलेलं नाही. आणि मेलेल्या माणसाची नशा सोडवता येत नाही.

आता कामाचं. हे औषध आपल्याकडं इस्पितळात असतं, दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. पुलाखाली ते नाही. वस्तीच्या दवाखान्यात ते ठेवा आणि आम्हाला शिकवा, असा अर्ज मी लिहून आणलाय, सह्या पाहिजेत. गर्द, अफू, दुखण्याच्या जहाल गोळ्या, ह्यांच्यावर ते चालतं. एमडीवर चालत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि त्याचा असर तासाभरात उतरतो, मग माणूस पुन्हा बुडू शकतो. म्हणून १०८ ला फोन करायचाच. तोवर हातात फक्त श्वास आहे. हलवून बघा, हाका मारा. ओठ निळे, घरघर, उठत नाही, तर फोन करा, उताणा झोपवा, मान मागं, नाक दाबा, दर पाच सेकंदांनी एक फुंक. आपोआप श्वास घ्यायला लागला की कुशीवर वळवा. एकट्याला टाकून जायचं नाही.

सह्यांचा कागद ह्या टेबलावर आहे. चहा झाला की ज्यांना शिकायचंय त्यांनी थांबा. सतरंजी गुंडाळू नका, एकाला उताणं झोपायला लागेल.