लष्करी दप्तरातील पूर्वज



आपल्या देशात अशी असंख्य घरे आहेत, जेथे एखादे काळवंडलेले पदक पेटीच्या तळाशी पडलेले असते, किंवा ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले होते’ एवढे एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. १९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांतील ७० हजारांहून अधिक परत आले नाहीत. बहुतेकांनी स्वतःच्या हाताने काहीच लिहून ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले ते लष्कराच्या कारकुनांनी. म्हणून अशा पूर्वजाचा शोध घ्यावयाचा तर कारकुनाची भाषा वाचावयास शिकणे भाग आहे. या भाषेचे मर्म एकच आहे. ही दप्तरे कोणाच्या स्मृतीसाठी लिहिलेली नव्हती. पगार, शिधा आणि निवृत्तिवेतन यांच्या हिशेबासाठी ती लिहिली गेली. कोणतीही नोंद हाती आली, की ‘ही लिहिणाऱ्याला काय जाणून घ्यावयाचे होते?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

आरंभ पदकापासून करू. त्या काळच्या पदकाची चकाकणारी बाजू सर्वजण पाहतात; परंतु खरा मजकूर असतो तो कडेवर, आणि ताऱ्याच्या आकाराचे पदक असेल तर त्याच्या पाठीवर. तेथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक अक्षरांत कोरलेली असतात. समजा, कांगडा खोऱ्यातील एका डोगरा कुटुंबाजवळ असा तारा आहे आणि त्यावर ‘५७ रायफल्स, एफ. एफ.’ अशी अक्षरे आहेत. ताऱ्याच्या दर्शनी बाजूस केवळ ‘१९१४’ हे साल आणि ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांची लघुरूपे असतील, तर तो मनुष्य १९१४ च्या नोव्हेंबर महिन्यातील तारखांपूर्वीच फ्रान्स वा बेल्जियमच्या भूमीवर उतरला होता, हे सिद्ध होते. ‘१९१४-१५’ असे असेल, तर तो त्यानंतर किंवा अन्य आघाडीवर गेला. साध्या दोन अंकांच्या फरकाने एक समुद्र बदलतो.

आता ‘५७ रायफल्स, एफ. एफ.’ म्हणजे काय? ही ५७ वी वाइल्ड्‌स रायफल्स, फ्रंटियर फोर्स. तिच्यात शीख, पठाण व पंजाबी मुसलमान यांच्याबरोबर डोगरेही होते. ही पलटण १९१४ च्या शरदात फ्रान्सला पोहोचली आणि पुढे १९१६ मध्ये पूर्व आफ्रिकेत लढत होती. तेव्हा ‘आजोबा फ्रान्समध्ये पडले’ अशी घरातील समजूत असली आणि मृत्यूचे साल १९१७ असले, तर नकाशावरील बोट आफ्रिकेकडे वळवावे लागेल.

पलटणींची नावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तीन सालांचे उंबरठे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ गुंतागुंत सुटते. १९०३ मध्ये संपूर्ण सैन्याचे क्रमांक नव्याने लावण्यात आले. मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत सामान्यतः १०० मिळवले गेले, मद्रासच्या क्रमांकांत ६०. म्हणून मुंबईची तिसरी पलटण ती १०३ वी मराठा. १९२२ मध्ये पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंटी बनविण्यात आल्या. तेव्हा हीच १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली आणि ५७ वी रायफल्स तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सची चौथी. तिसरा उंबरठा १९४७ चा. फाळणीत फ्रंटियर फोर्सच्या रेजिमेंटी पाकिस्तानकडे गेल्या. त्यामुळे आज हिमाचल प्रदेशात असलेल्या त्या डोगरा कुटुंबाच्या पूर्वजाची पलटणीची परंपरा सीमेपलीकडे नांदते आहे. कांगडा जिल्हाच मुळी १९६६ पर्यंत पंजाबात होता. तेव्हा कागदोपत्री ‘पंजाब’ असे दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

हुद्द्यांचे शब्द ओळखीचे वाटतात, आणि नेमके म्हणूनच फसवतात. ‘जमादार’ या शब्दाला पुढे व्यवहारात निराळे अर्थ चिकटले. परंतु त्या सैन्यात जमादार हा राजाज्ञेने नव्हे तर व्हाइसरॉयच्या आज्ञेने नेमलेला अधिकारी होता आणि आपल्या सैन्यात १९६५ पासून त्या हुद्द्याला नायब सुभेदार म्हणतात. ‘नाईक’ हे आडनावही आहे आणि हुद्दाही. क्रमांकाच्या लगेच पुढे आलेला ‘नाईक’ बहुधा हुद्दाच समजावा. घोडदळात शिपायाऐवजी सवार, हवालदाराऐवजी दफेदार आणि सुभेदाराऐवजी रिसालदार आढळतील.

नावांविषयी विशेष सावध असावे. गावाकडील उच्चार इंग्रज कारकुनाच्या कानाला जसा भासला तसा रोमन लिपीत उतरला. एकाच लक्ष्मणाची चार रूपे होतात. गढवाली पलटणीत एकाच नावाचे अनेक नेगी व रावत सापडतात. शिवाय शिपायाचा क्रमांक संपूर्ण सैन्याचा नसून त्याच्या पलटणीपुरता होता. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच मनुष्याचा असू शकतो. म्हणून क्रमांक, पलटण, पित्याचे नाव आणि गाव या चारही गोष्टी जुळल्याखेरीज ‘हाच तो’ असे म्हणू नये. गावाचा जिल्हाही त्या काळचा पाहावा. कोकणातील मालवणचा शिपाई ‘रत्नागिरी’खाली सापडेल, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये निर्माण झाला.

तारखांनाही तोच न्याय. मेसोपोटेमियातील कूट येथे १९१५ च्या डिसेंबरपासून वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि हजारो भारतीय सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. कित्येकांचा पुढे पत्ताच लागला नाही. अशा मनुष्याच्या नावापुढे प्रथम ‘बेपत्ता’ आणि नंतर ‘मृत गृहीत’ असा शेरा येतो. त्या शेऱ्यालगतची तारीख पुष्कळदा कचेरीच्या निर्णयाची असते. श्राद्धाची तिथी ठरवू पाहणाऱ्या घराला हे सांगणे कठीण आहे, पण सांगितलेच पाहिजे.

आणि काही ठिकाणी नोंदच मौन पाळते. बसरा येथील स्मारक कबर अज्ञात असलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे आहे. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली केवळ आकडा लिहिला गेला. त्यांची नावे कागदावर होती, दगडावर आली नाहीत. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये अहवाल देऊन ही विषमता मान्य केली. तेव्हा स्मारकावर नाव नाही म्हणून मनुष्य नव्हता, असा निष्कर्ष काढू नये. कोणाचे नाव लिहावयाचे आणि कोणाचा केवळ आकडा, हा कोणीतरी घेतलेला निर्णय होता.

सुदैवाने अन्य साधने आहेत. पंजाब सरकारने युद्धानंतर गावोगावच्या सैनिकांची नोंद करविली होती. लाहोरच्या संग्रहालयात राहिलेल्या त्या नोंदवह्यांत सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती आहे आणि २०२१ पासून ती अभ्यासकांना खुली होऊ लागली. पलटणींच्या रोजनिशा आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते, पण तो त्या दिवशी कोठे होता हे कळते. फ्रान्समधून धाडलेल्या पत्रांचे, तपासनिसांनी इंग्रजीत उतरविलेले उतारेही आहेत. मात्र त्या पत्रांतील शब्द बहुधा शिपायाकडून लेखनिकाकडे, तेथून भाषांतरकाराकडे आणि मग तपासनिसाकडे गेलेला असतो, याचे विस्मरण होऊ नये.

शेवटी एक विनंती. आपल्या वहीत प्रत्येक गोष्टीपुढे ‘निश्चित’, ‘संभवनीय’ किंवा ‘घरातील समजूत’ असे स्पष्ट लिहावे. पराक्रमी पूर्वज मिळावा या ओढीने दुसऱ्याचा नामबंधू आपलासा करणे म्हणजे एका कुटुंबाचा मनुष्य चोरणे होय. खेचरे हाकणारा, पाणी वाहणारा, आजारपणात वारलेला पूर्वजही तितकाच आपला आहे. कचेरीने त्याला आकड्यात मोजले; त्याचे खरे नाव, खरे गाव आणि खरी वाट त्याला परत मिळवून देणे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते थोडे नव्हे.