डबा जुना, माती नवी

(घरगुती परसबाग या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी घराला उंच वाफा ही काही नवी गोष्ट नाही. अंगणातील तुळशीवृंदावन म्हणजे जमिनीपासून वर उचललेला, चारी बाजूंनी बांधलेला वाफाच होय. परसात गादीवाफ्यावर मेथी-कोथिंबीर होई, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ पोसली जाई. भाजीची देठे गुरांपुढे जात, उरलेसुरले उकिरड्यावर जाई आणि उकिरड्याचे खत पुन्हा शेतात जाई. टाकाऊ असे त्या घरात फारसे काही नव्हतेच.

पुढे वाडे पडले आणि सदनिका उभ्या राहिल्या. अंगण गेले, परस गेले. उरली ती गच्ची आणि हातभर सज्जा. भाजीची देठे मात्र पूर्वीइतकीच निघत राहिली. ती काळ्या पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवली की गृहस्थाचे कर्तव्य संपते, असा समज रूढ झाला. परंतु ती पिशवी कोठेतरी पोहोचतेच. मुंबईची पिशवी 1927 पासून देवनारला पोहोचत आली. तेथील कचऱ्याचे डोंगर जानेवारी 2016 मध्ये पेटले, तेव्हा धुराने शहराचा श्वास कोंडला. पुण्याची पिशवी वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिली. तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि ग्रामस्थांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. एका घराची स्वच्छता ही दुसऱ्या गावाची दुर्गंधी ठरत असेल, तर तिला स्वच्छता म्हणावे काय? गच्चीवरील वाफ्याचा विचार या प्रश्नापासून सुरू होतो. भाजीच्या बचतीचा क्रम त्यानंतरचा.

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या गोदीत मिळाले. त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहात कामगारांसाठी रोज मोठ्या प्रमाणावर अन्न शिजे आणि भाजीपाल्याचा कचराही तितकाच निघे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने हा कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवण्यास प्रारंभ केला. पिंपांतून आणि वाफ्यांतून फळझाडे, भाज्या आणि वेली उभ्या राहिल्या. त्याआधी डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईतील गच्चीवर उसाची चिपाडे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुनी पिंपे यांच्या साहाय्याने भाजी पिकवून दाखवली होती. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि निरीक्षण यांच्या बळावर शेतीचा जो विचार मांडला, त्याचाही शहरी बागायतीवर मोठा प्रभाव पडला. या सर्वांच्या कामातून निघणारे सूत्र एकच आहे. डबा कोणताही चालतो; माती मात्र घडवावी लागते.

प्रथम डब्याचा विचार करू. फळविक्रेत्याकडील थर्माकोलची पेटी, भाजीबाजारातील तुटका क्रेट, रंगाची रिकामी बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, तांदळाची गोणी, आडवे कापलेले पिंप यांपैकी काहीही चालेल. क्रेटला आतून जुनी गोणी लावली की माती सांडत नाही. विटा नुसत्या रचून केलेली चौकटही उत्तम वाफा होते. मात्र ज्या पिंपात कीटकनाशक अथवा रसायन होते, किंवा पूर्वी काय होते हे ठाऊक नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटो यांना सुमारे एक फूट लागते. वाफा भिंतीला लागून असेल तर त्याची रुंदी दोन फुटांहून अधिक नसावी, म्हणजे हात पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचतो. तळाला भरपूर छिद्रे पाडावीत आणि डबा विटांवर ठेवावा. खालून पाणी वाहते आहे की साचते आहे, हे त्यामुळे डोळ्यांना दिसते.

आता वजनाचे गणित पाहू. येथेच अनेकांची चूक होते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल वाफा निव्वळ मातीने भरला, तर पाणी पिऊन त्याचे वजन पाचशे किलोच्या घरात जाते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो, तिच्यासाठी भारतीय मानकानुसार सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरलेला असतो. हा फरक लक्षात घेतला, तर ‘गच्चीवर माती टाकू नका’ म्हणणारा सोसायटीचा सचिव बागेचा शत्रू ठरत नाही. त्याची शंका रास्तच असते. तिचे उत्तर वादाने मिळत नाही. ते हलक्या भरणाने द्यावे लागते. पालापाचोळ्याच्या खताने भरलेल्या त्याच वाफ्याचे वजन मातीच्या निम्म्याहून कमी भरते. तरीही गच्चीवर खोली सहा ते आठ इंचच ठेवावी. फूटभर खोलीचे मोजके डबे तुळईच्या रेषेत, एकमेकांपासून दूर मांडावेत. इमारत जुनी असेल तर अभियंत्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. सामायिक गच्चीसाठी सोसायटीची लेखी संमती घ्यावी. गळतीची एक तक्रार दहा वाफे उचलायला लावते.

भरण करण्याची रीत सोपी आहे. तळाशी नारळाच्या शेंड्या पसराव्यात. त्यावर रसवंतीगृहातून आणून वाळवलेल्या चिपाडांचे तुकडे, त्यावर सुका पाला, मग स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा पातळ थर आणि त्यावर पुन्हा सुका पाला. प्रत्येक थरावर शेणकाला अथवा तयार खताचे विरजण शिंपडावे. ओल्यापेक्षा सुके नेहमी अधिक असावे. दुर्गंधी आली की ओले अधिक झाले असे समजावे आणि वर पाला टाकावा. शिजलेले, तेलकट अन्न नवशिक्याने टाळावे. त्याने उंदीर येतात.

उत्साही कुटुंब थर पूर्ण होताच बी पेरते. रोपे उगवतात, पिवळी पडतात आणि ‘आमच्या हाताला गुण नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष हाताचा नसतो. पाला कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या पोषणासाठी नत्र ओढून घेतात आणि रोपाच्या वाट्याला काही उरत नाही. कुजण्याच्या उष्णतेने कोवळी मुळेही पोळतात. म्हणून दोन-तीन महिने थांबावे. वाफा खाली बसत जाईल, त्यावर नवे थर द्यावेत. मूठभर माल हातात घेतला असता त्याला पावसाने भिजलेल्या जमिनीचा वास आला आणि पानाचा आकार ओळखू येईनासा झाला, की माती तयार झाली. मग वर तीन बोटे जुने खत आणि थोडी बागेची माती पसरून बी टाकावे.

या कामाचा मुहूर्त निसर्गानेच नेमून दिला आहे. फाल्गुन-चैत्रात पिंपळ-वडाची पाने गळतात आणि गल्लोगल्ली पाचोळ्याचे ढीग पेटवले जातात. जी संपत्ती पुढे वर्षभर रोपे पोसू शकते, तिचा धूर होतो. तो पाला गोण्यांत भरून ठेवावा आणि तेव्हाच वाफे लावावेत, म्हणजे मृगाच्या सरींपर्यंत माती सिद्ध होते. पावसाळ्यात छिद्रे मोकळी आहेत ना, हे पाहावे. डब्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास तेवढ्याच पाण्यात वाढतो. उन्हाळ्यात मातीवर पाल्याचे पांघरूण असावे आणि पाणी सकाळी द्यावे.

एवढे करून घराची सगळी भाजी गच्चीवर पिकेल काय? बहुतेक घरांत पिकणार नाही आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. कोथिंबीर, मेथी, मिरची, कढीपत्ता, पुदिना आणि हंगामात टोमॅटो-वांगी एवढे सहज निघते. पण दाराबाहेर जाणारी पिशवी हलकी होते, हा लाभ त्याहून मोठा आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करणे 2016 च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. परंतु स्वतःच्या कचऱ्याची माती झालेली ज्या घराने पाहिली, त्या घराला तो नियम सांगावा लागत नाही. देठ कोठे टाकायचे, हे तेथील लहान मूलही जाणते.

समाजाविषयीची कळकळ भाषणांतून पुष्कळ व्यक्त होते. तिची परीक्षा मात्र रोजच्या साध्या कृतीत असते. प्रत्येक कुटुंबाने या वर्षी एकच डबा लावावा, एकच वाफा भरावा आणि त्यातील पहिली कोथिंबीर शेजारच्या घरी द्यावी. पुढच्या फाल्गुनात त्या गल्लीत पाला पेटवण्यापूर्वी कोणीतरी गोणी घेऊन येईल. गच्चीवर एक परस पुन्हा उभे राहील आणि फुरसुंगीच्या वाटेवरची एक पिशवी कमी होईल.