गाव शहरात गेलं, आता दाद कुणाकडे?

आम्ही उत्तनच्या बाया. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, बोंबील बांबूच्या वलांडीवर सुकवायचे आणि उरलेल्या वेळात घर सांभाळायचं, हे आमचं काम. तुम्ही खेड्यात राहता आणि आम्ही महानगरपालिकेत. पण आम्हीही एके काळी गावच होतो. म्हणून आज आमची गोष्ट सांगतो.

मुंबईहून लोकलने निघालात की दहिसरनंतर मीरा रोड, मग भाईंदर. पुढे वसईची खाडी, आणि खाडीपलीकडे नायगाव. पूर्वेला घोडबंदर आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, पश्चिमेला समुद्र. मधे खाजणं आणि मिठागरं. असा हा मुलूख.

12 जून 1985 ला काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. नंतर आमची उत्तन, डोंगरीकडची गावंही त्यात आली. 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत इथे सव्वापाच लाखांच्या आसपास माणसं होती, 2011 ला आठ लाखांवर गेली. रस्ते आले, नळ आले. पण ग्रामसभा गेली. तुमच्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे उभं राहून सरपंचाला विचारता येतं. आमच्याकडे 95 नगरसेवक. त्यांतल्या निम्म्या जागा बायकांच्या. ते महापौर निवडतात. रोजचा कारभार आयुक्त बघतात, आणि त्यांना राज्य सरकार नेमतं. 2017 नंतरची निवडणूक थेट 2026 च्या जानेवारीत झाली. मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा सांगायचं कुणाला?

आमच्या बंदराच्या वाटेवर दिवा नव्हता. पहाटे चार वाजता डोक्यावर टोपली आणि पायाखाली काळोख. आमच्यातली एक घसरली, हात मोडला. आम्ही एका कार्यालयात गेलो. म्हणाले, वाट बंदराची, आमची नाही. दुसरीकडे गेलो. म्हणाले, दिवे आमच्याकडे नाहीत. दोन महिने हेच. दर फेरीला एक दिवसाची मासळी बुडायची.

शेवटी आम्ही बसलो आणि वहीत लिहून काढलं, कोण काय बघतं. कचरा, गटार, दिवे, घरपट्टी, जन्म-मृत्यूचा दाखला: महानगरपालिका. सातबारा: तलाठी. रेशन: शिधावाटप कार्यालय. पोलीस: 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचं एकच आयुक्तालय. म्हणजे खाडीपलीकडची वसई पालघर जिल्ह्यात, आम्ही ठाणे जिल्ह्यात, आणि पोलीस आयुक्त मात्र दोघांचे एकच!

मग आम्ही एकच अर्ज लिहिला, वीस जणींच्या सह्या घेतल्या, आणि त्याच्या प्रती दोन्ही कार्यालयांत दिल्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठलो नाही. पुढच्या वेळी नुसता तो क्रमांक सांगितला. आता "आमच्याकडे नाही" हे तोंडी सांगून भागणार नव्हतं, लिहून द्यावं लागणार होतं. महिन्याभरात दिवा लागला. एकच लागला, अजून दोन हवेत. दुसरा अर्ज दिलेला आहे.

मैत्रिणींनो, तुमचंही गाव उद्या नगरपंचायतीत किंवा शहरात जाईल. ती चर्चा ग्रामसभेत आली की घरी बसू नका. घरपट्टी किती होईल, पाणी कधी येईल, गायरानाचं आणि सुकवणीच्या जागेचं काय होईल, हे आधी विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आम्ही तेव्हा विचारलं नाही.

आणि पुढच्या बचत गटाच्या बैठकीत वहीचं एक पान त्यासाठी ठेवा: कोण काय बघतं. आमचं पान आता भिंतीवर लावलंय.