अर्धी पुडी बाजाराची, एक चमचा घरचा

शेतात असाल तर बांधावर, घरात असाल तर चुलीपाशी, जिथं असाल तिथं हातातलं काम चालू ठेवून ऐका. आज आपण पाकिटातल्या खाण्याबद्दल बोलणार आहोत. ते बंद करा असं सांगायला आम्ही आलेलो नाही. ते घरात आलेलंच आहे, तर त्याला आपल्या हाताची जोड कशी द्यायची, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही गावातल्या किराणा दुकानासमोर उभं राहा. दारावर पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. पाच-दहा रुपयांत नूडल्स, गरम पाणी ओतलं की होणारा उपमा, तयार पोहे, सूपच्या पुड्या. सोयाबीनच्या काढणीला बाई सकाळी सातला घर सोडते आणि दिवस मावळताना परत येते. शाळेतून आलेली मुलगी घरात एकटी असते. तिला भूक लागली की ती भांड्यात पाणी ठेवते आणि पाकीट फोडते. यात त्या मुलीचा दोष नाही आणि तिच्या आईचाही नाही. वेळ नाही म्हणूनच पाकीट आलं.

पण या पाकिटात असतं काय? नूडल्स बहुतेक मैद्याच्या असतात आणि बऱ्याचशा तेलात तळून वाळवलेल्या असतात. सोबतच्या मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर असतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'सोडियम' असा आकडा छापलेला असतो. मुलाला वाचायला सांगा आणि त्या आकड्याला अडीचनं गुणा. सोडियम ८०० मिलिग्रॅम असेल, तर मीठ झालं २,००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लहान मुलांना त्याहूनही कमी. मग एका पाकिटात दिवसाचं किती मीठ पोटात गेलं, हा हिशोब तुम्हीच करा. भाकरी, आमटी, ठेचा, लोणचं यातलं मीठ अजून वेगळंच आहे.

दुसरी गोष्ट, या खाण्यात पाला नसतो. भाजीच्या नावानं दोन-चार वाळके वाटाणे असले तर असले. आणि आपल्याकडे नेमकी पाल्याचीच गरज आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात जवळजवळ ६९ होतं. म्हणजे गटाच्या बैठकीला दहाजणी बसल्या असतील, तर त्यातल्या पाचजणींना जिना चढताना दम लागत असेल आणि त्या कुणाला सांगत नसतील.

आता उपायाकडे वळू. वाळवून ठेवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, वाळवून, गाडग्यात भरून उन्हाळ्यासाठी ठेवणाऱ्या आपल्या आज्या होत्या. आणि येसूर आठवा. धान्य आणि डाळी भाजून, त्यात काळा मसाला घालून दळलेलं येसूर घरात असलं, की पाहुणा आला तरी आमटीला काळजी नसायची. पाणी उकळलं, येसूर लावलं, आमटी तयार. झटपट खाणं मराठवाड्यात कंपनीनं आणलेलं नाही, ते आपल्या फडताळात आधीपासून होतं. तोच हात आता पाल्याकडे वळवायचा.

आमच्या गटात आम्ही याला हिरवा मसाला म्हणतो. त्यात मुख्य पाला शेवग्याचा. शेवग्याचं झाड परसात, बांधावर, मोरीच्या पाण्यावरही येतं. शेंगा आपण खातो, पाला मात्र शेळीला घालतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली देशातल्या खाद्यपदार्थांचे जे तक्ते छापले, त्यात शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम दिलेलं आहे. गाईच्या तेवढ्याच दुधात ते साधारण १२० असतं. लोह साधारण साडेचार मिलिग्रॅम आहे आणि डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं तो घटकही भरपूर आहे. दुसरा पाला कढीपत्त्याचा. तो आपण ताटात बाजूला काढून ठेवतो, पूड केली की कुणाला काढता येत नाही. तिसरी कोथिंबीर, बाजारात भाव पडतो तेव्हाची.

पाला कसा घ्यायचा ते नीट ऐका. कोवळा, हिरवागार पाला सकाळी तोडा. शेजारच्या सोयाबीनवर किंवा तुरीवर नुकतीच फवारणी झाली असेल, तर त्या बांधावरचा पाला घेऊ नका. मोठ्या रस्त्याच्या कडेचा, धूळ खाल्लेला पालाही नको. पिवळी आणि किडकी पानं काढून टाका. फांद्या दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवा आणि झटकून टांगा. पाणी निथळलं की पानं ओरबाडून सुती कापडावर पातळ पसरा.

वाळवायचं ते सावलीत. पापड-कुरडया उन्हात घालतो तसा हा पाला कडक उन्हात घालायचा नाही. उन्हानं रंग उडतो आणि रंगाबरोबर डोळ्यांसाठीचा तो घटकही कमी होतो. ओसरीत, माळवदाखालच्या खोलीत, जिथं वारा खेळतो तिथं पसरा. वरून जुनी पातळ साडी किंवा मच्छरदाणीचं कापड टाका, म्हणजे माशी आणि धूळ बसणार नाही. दिवसातून दोनदा हलवा. हिवाळ्यात तीन-चार दिवस लागतात, उन्हाळ्यात एक-दोन. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत पाला वाळत नाही, त्याला बुरशी धरते. पान चुटकीत धरून चोळलं की भुगा झाला पाहिजे आणि देठ वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. नुसता लवला, तर अजून ओल आहे. एक किलो ताज्या पाल्याचा वाळून पाव किलोही भरत नाही, तेव्हा तोडताना हात राखू नका.

आता प्रमाण. हातानं चुरलेला वाळका पाला वाटीनं मोजा. शेवगा चार वाट्या, कढीपत्ता दोन वाट्या, कोथिंबीर एक वाटी. त्यात कोरडं भाजलेलं जिरं चार चमचे, ओवा एक चमचा, लसणाचे पातळ काप उन्हात कडक वाळवून चार चमचे, आमचूर दोन चमचे आणि हळद एक चमचा. हे सगळं मिक्सरवर किंवा खलबत्त्यात बारीक करा, चाळा, गार होऊ द्या. मीठ अजिबात घालायचं नाही. मीठ तर पाकिटात आहेच, तेच आपल्याला कमी करायचं आहे. तीळ, जवस, शेंगदाणे यातही घालू नका. त्यांचं तेल सुटतं आणि मसाल्याला खवट वास लागतो. ते खायच्या वेळी वरून घाला.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. काचेची बरणी असेल तर अंधाऱ्या फडताळात ठेवा. डब्यावर तारीख लिहा आणि तीन महिन्यांत संपवा. ओला चमचा आत जाऊ देऊ नका. गुठळ्या झाल्या, कुबट वास आला, तर जीव गुंतवू नका, उकिरड्यावर टाका.

वापरायचं कसं? नूडल्सच्या पाकिटातली मसाल्याची पुडी अर्धीच टाका. उरलेली डबीत ठेवा, दुसऱ्या दिवशी भाजीत टाकली तर त्या भाजीत तेवढं मीठ कमी घाला. अर्ध्या पुडीच्या जागी हिरवा मसाला, सुरुवातीला अर्धा चमचा. शेवग्याला थोडी कडसर चव असते, जिभेला सवय झाली की एक चमचा करा. नूडल्सबरोबर मूठभर मोड आलेली मटकी शिजवा किंवा एक अंडं फोडून घाला. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. लिंबू नुसतं चवीला नाही. पाल्यातलं लोह शरीराला सहजी लागत नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं ते जास्त लागतं. वाळवताना पाल्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं, ते लिंबू भरून काढतं. आणि त्याबरोबर चहा नको. चहानं लोह अंगी लागायचं कमी होतं. चहा तासाभरानं प्या.

तयार उपमा, पोहे, सूप यांनाही हेच. अंगणवाडीतून घरी मिळणारा कोरडा आहार खारा करून खाणार असाल, तर त्यात पाव चमचा हिरवा मसाला आणि थोडं तेल घाला. तो गुरांपुढे ठेवण्यापेक्षा पोराच्या पोटात गेलेला बरा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला पाकिटातलं खाणं आणि हा मसाला दोन्ही देऊ नका.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण शेवग्याच्या पुडीबद्दल बाजारात फार मोठमोठं बोललं जातं. चमचाभर पूड ही ३ ग्रॅमच्या आत भरते, म्हणजे साधारण १२ ग्रॅम ताज्या पाल्याची. तिच्यात लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. तेव्हा चमचाभर पुडीनं रक्त भरून येईल, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गरोदर बाईनं लोहाची गोळी रोज, १८० दिवस घ्यायचीच. मुलींना शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी चुकवायची नाही. हिरवा मसाला गोळीची जागा घेत नाही. शेवग्याचं मूळ आणि साल तर गरोदर बाईनं अजिबात घेऊ नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर पाला वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मग एवढा खटाटोप कशाला? एक तर मीठ कमी होतं, ते आजपासूनच. दुसरं, ज्या पोराला हिरवी भाजी दिसली की ताट सरकवायची सवय आहे, त्याच्या जिभेला पाल्याची ओळख होते. आणि तिसरं सगळ्यात मोठं. मसाल्यासाठी दारात झाड लागलं, की आठवड्यातून दोनदा ताज्या पाल्याची भाजीही होते. ५० ग्रॅम ताज्या पाल्याच्या भाजीत चमचाभर पुडीच्या चौपट लोह असतं. डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन, ज्वारीच्या भाकरीबरोबर. पूड ही त्या भाजीपर्यंत जायची पायवाट आहे.

हे आपल्या जिल्ह्यात जमणारं काम आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात बायकांचे गट बांधत आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर इथल्या हजारो बायकांनी एक एकराची शेती केली. घराच्या जमिनीतला एक तुकडा मागून घ्यायचा, त्यात आधी घरच्या ताटासाठी धान्य, डाळी, भाजीपाला घ्यायचा, उरलं तर विकायचं. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या तुकड्याच्या बांधावर शेवग्याची चार झाडं बसतात. पीकेएम-१ ही जात लवकर येते. झाड उंच जाऊ न देता कमरेएवढं छाटत राहिलं, की हाताला येईल असा कोवळा पाला फुटत राहतो. रोपाबियाण्याची माहिती तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

गटानं मसाला विकायचा विचार केला, तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी काढा, पाकिटावर तारीख आणि घटक छापा, आणि 'रक्त वाढवतो' असं काही लिहू नका. पण आमचं म्हणणं, पहिलं वर्ष घरातच खा. आपल्याच पोरांनी मागून घेतला, तर तो बाजारात चालेल.

पुढच्या बैठकीला एवढं करा. एकीनं शेवगा आणा, एकीनं कढीपत्ता, एकीनं कोथिंबीर, एकीनं लसूण-जिरं. कापड अंथरा आणि हप्त्याचा हिशोब होईपर्यंत पानं निवडून टाका. येताना घरातलं एक रिकामं पाकीटही आणा, आणि सोडियमचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.